पानावर बांधला जाणारा नत्र: वर्षावनातल्या पानांवरचे जिवाणू शोधायचे आणि तपासायचे कसे

वर्षावनातलं जुनं पान हातात घेतलं की आधी मधल्या शिरेच्या दोन्ही अंगांना पाहा. पाणी जिथे सावकाश उतरतं तिथे हिरवट-काळसर थर बसलेला असतो. ओला असताना नखाला बुळबुळीत लागतो, वाळला की पापुद्र्यासारखा सुटतो. या थरात मिलिमीटरभराची पानं असलेल्या लिव्हरवर्ट (शेवाळासारख्या बारीक वनस्पती), दगडफुलं, बुरशीचे तंतू, नीलहरित शैवाल आणि नुसत्या डोळ्यांना न दिसणारे जिवाणू एकमेकांना धरून राहतात. त्यातल्या काहींना हवेतला नत्र फोडून त्याचा अमोनिया करता येतो. हवेत ७८ टक्के नत्र आहे, पण झाडाला तो थेट घेता येत नाही. म्हणून या थराचं मोल मोठं आहे.

पानाचा पृष्ठभाग ही जिवाणूंची स्वतंत्र वस्ती आहे, याकडे लक्ष वेधलं ते याकोबा रुइनेन या डच संशोधिकेनं. इंडोनेशियातल्या झाडांच्या पानांवर बायजेरिंकिया हा नत्र स्थिर करणारा जिवाणू सापडतो, हे त्यांनी १९५६ मध्ये दाखवलं. या जिवाणूची पहिली ओळख मात्र आपल्या उपखंडातली. स्टार्की आणि डे यांनी १९३९ मध्ये भातखाचरांच्या मातीतून तो वेगळा केला आणि ॲझोटोबॅक्टर इंडिकम असं नाव दिलं. १९५० मध्ये डर्क्स यांनी त्याला बायजेरिंकिया या नव्या प्रजातीत हलवलं. पुढे कोस्टा रिकात बेंटली आणि कार्पेंटर यांनी वेल्फिया नावाच्या ताडवर्गीय झाडावर जड नत्र (जास्त वजनाच्या अणूंचा, म्हणून माग काढता येणारा नत्र) वापरून प्रयोग केला. थरानं बांधलेला नत्र पानाच्या आत पोचतो आणि पानातल्या एकूण नत्राचा १० ते २५ टक्के वाटा त्यातून येऊ शकतो, असं त्यांना १९८४ मध्ये दिसलं.

खाली दिलेली पद्धत महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत जमण्यासारखी आहे. फक्त एक गोष्ट सुरुवातीलाच पक्की करा: नत्र नसलेल्या माध्यमावर (जिवाणू वाढवायच्या खाद्यावर) वसाहत उगवली, म्हणजे तो जिवाणू नत्र स्थिर करतोच असं नाही. या कामातली बहुतेक चुकीची निष्कर्षपत्रं याच एका घाईतून तयार होतात.

कोणाला शोधायचं आहे

पानावर दोन वेगळे गट भेटतात आणि दोघांची बडदास्त वेगळी ठेवावी लागते. पहिला गट नीलहरित शैवालांचा: नॉस्टॉक, सायटोनेमा, स्टिगोनेमा. शैवाल म्हणत असलो तरी हे जिवाणूच. उजेडातून स्वतःची साखर बनवतात आणि हेटेरोसिस्ट नावाच्या जाड भिंतीच्या पेशींत नत्र बांधतात. वर्षावनातल्या पानांवर नत्राची मोठी कमाई बहुधा यांचीच असते. दुसरा गट आयत्या साखरेवर जगणाऱ्यांचा: बायजेरिंकिया, क्लेब्सिएला आणि त्यांचे नातलग. पानातून पावसाबरोबर पाझरणारी साखर आणि सेंद्रिय आम्लं हे त्यांचं अन्न.

नत्राचा एक रेणू फोडायला किमान १६ एटीपी (पेशीतलं ऊर्जेचं चलन) खर्च होतात, आणि ते करणारं नायट्रोजिनेज हे विकर प्राणवायूनं निकामी होतं. त्यासाठी लोह आणि मॉलिब्डेनमही लागतं. माध्यमातली प्रत्येक गोष्ट या तीन अडचणींना दिलेलं उत्तर आहे, हे ध्यानात ठेवलं तर कृती पाठ करावी लागत नाही.

पान निवडणं

कोवळं पान घेऊ नका. त्यावर थर बसायला वेळच मिळालेला नसतो. जमिनीपासून एक ते तीन मीटर उंचीवरची, सावलीतली, चामट आणि निदान एक पावसाळा पाहिलेली पानं उत्तम. पानाच्या वरच्या पृष्ठभागाचा पाव ते निम्मा भाग थरानं झाकलेला असावा. त्याच झाडाचं थर नसलेलं स्वच्छ पानही तुलनेसाठी हवंच. ते नसेल तर पुढचे आकडे कशाशी ताडून पाहणार?

वेळ सकाळची, आदल्या रात्री पाऊस झालेला असेल तर फारच छान. थर वाळला की नत्र बांधण्याचं काम झपाट्यानं मंदावतं आणि पुन्हा भिजल्यावर पूर्ववत व्हायला वेळ लागतो. दुपारी तीन वाजता तोडलेल्या कोरड्या पानांवरून ‘इथे काही होत नाही’ असं लिहिणं म्हणजे झोपलेल्या माणसाला पाहून तो चालू शकत नाही म्हणण्यासारखं आहे.

सह्याद्रीतल्या सदाहरित पट्ट्यांतही पानांवर लिव्हरवर्ट आणि नीलहरित शैवालं वाढतात. पण अभयारण्यात आणि राखीव जंगलात वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय पान तोडू नये. हात बसेपर्यंत गोव्यातलं कुळागर किंवा कोकणातली सुपारीची वाडी सरावाला चांगली: सावली आहे, ओल आहे आणि मालकाला विचारता येतं. तिथे एक प्रश्न मात्र जरूर विचारा: कोळेरोगासाठी बोर्डो मिश्रण कधी मारलं? बोर्डोतलं तांबं नीलहरित शैवालांना घातक असतं. फवारलेल्या सुपारीखालच्या मिरवेलीच्या पानांवरही ते ठिबकतं. अशा वाडीतलं पान हिरवं दिसलं तरी नमुना म्हणून उपयोगाचं नाही.

पानं देठासकट कात्रीनं कापा, दर पानाला कात्रीची पाती ७० टक्के अल्कोहोलनं पुसा आणि नवीन कागदी पाकिटात ठेवा. प्लास्टिकच्या बंद पिशवीत पानं घामेजतात आणि सहा तासांत भलतेच जिवाणू माजतात. नाइलाजानं प्लास्टिक वापरलंत तर तोंड उघडं ठेवा. धुऊन जिवाणू काढायची पानं थंड डब्यात, पण बर्फाला न टेकवता न्या आणि २४ तासांत वापरा. ॲसिटिलीन चाचणीची (नत्र बांधला जातो का ते मोजण्याची, कृती पुढे आहे) पानं थंड करायची नाहीत. ती चाचणी शक्यतो जंगलातच लावायची.

आधी सूक्ष्मदर्शक, मग माध्यम

पहिल्याच दिवशी थराचा तुकडा सुईनं सोडवून पाण्याच्या थेंबात पसरा आणि ४०० पट मोठा करून पाहा. मण्यांची माळ जेलीत गुंडाळलेली दिसली तर नॉस्टॉक. त्या माळेत दर दहा-वीस मण्यांनंतर एखादा जरा मोठा, फिकट, जाड कडेचा मणी दिसतो, तोच हेटेरोसिस्ट. तपकिरी-पिवळसर नळीत सरळ तंतू आणि नळी फोडून बाजूला निघालेल्या जोडफांद्या दिसल्या तर सायटोनेमा. तंतू जाड, खऱ्या फांद्यांचा आणि जागोजागी एकाहून अधिक पेशींच्या रुंदीचा असेल तर स्टिगोनेमा. दहा ठिकाणचे तुकडे पाहा आणि किती ठिकाणी हेटेरोसिस्ट दिसले ते मोजून ठेवा. पुढे ॲसिटिलीन चाचणीचा आकडा आला की ही नोंद त्याच्या शेजारी ठेवून वाचायची आहे.

पान धुणं

१० ग्रॅम पानं १०० मिलिलिटर निर्जंतुक फॉस्फेट बफरमध्ये (पीएच ७) घ्या, त्यात ०.०२ टक्के ट्वीन-२० (साबणासारखं द्रव्य) घाला आणि मिनिटाला १५० फेऱ्यांनी ३० मिनिटं हलवा. ट्वीनमुळे मेणचट पानावरून जिवाणू सुटतात. ते जास्त घातलं तर फेस होतो आणि जिवाणूंच्या पेशींनाही इजा होते. पानं कापून किंवा वाटून घालू नका. आतला रस बाहेर आला तर त्यातली नत्रयुक्त द्रव्यं थेट माध्यमात जातात आणि पुढची सगळी मेहनत वाया जाते. धुतलेल्या पाण्याचे दहापटीचे पाच टप्पे पातळ करा आणि शेवटच्या तीन टप्प्यांतून प्रत्येकी ०.१ मिलिलिटर बशीवर पसरा.

सोपा पर्याय ठशाचा आहे. पानाची खालची बाजू माध्यमावर दहा सेकंद हलक्या हातानं दाबा आणि उचला. मोजदाद होत नाही, पण जिवाणू पानावर नेमके कुठे आहेत ते दिसतं. शिरांच्या रेषेवर वसाहतींची रांग उमटते.

बायजेरिंकियासाठी माध्यम

एक लिटर ऊर्ध्वपातित पाण्यासाठी:

ग्लुकोज २० ग्रॅम
मोनोपोटॅशियम फॉस्फेट ०.८ ग्रॅम
डायपोटॅशियम फॉस्फेट ०.२ ग्रॅम
मॅग्नेशियम सल्फेट ०.५ ग्रॅम
कॅल्शियम क्लोराइड ०.०५ ग्रॅम
फेरिक क्लोराइड ०.०२५ ग्रॅम
सोडियम मॉलिब्डेट ०.००५ ग्रॅम
अगार १५ ग्रॅम

या प्रमाणात पीएच सहाच्या आसपास येतो, तो तसाच ठेवा. ॲझोटोबॅक्टरसारखे मातीतले जिवाणू आम्लात मागे पडतात आणि बायजेरिंकिया पुढे येतो, म्हणून पीएच वाढवायचा मोह टाळा. तो याहून खाली न्यायचा असेल तर माध्यम निर्जंतुक झाल्यावर आम्ल घाला. आम्लात शिजवलेलं अगार नीट घट्ट होत नाही, बशी डळमळते.

ग्लुकोज वेगळ्या बाटलीत निर्जंतुक करून नंतर मिसळा. फॉस्फेटबरोबर शिजवलं तर ते करपून तपकिरी होतं. ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंश सेल्सिअस आणि १५ पौंड दाबाला १५ मिनिटं. ऑटोक्लेव्ह नसेल तर घरगुती प्रेशर कुकर चालतो: पहिल्या शिट्टीनंतर गॅस बारीक करून ३० मिनिटं. मग शिट्टी उचलून वाफ काढू नका. दाब एकदम उतरला की बाटल्यांतलं माध्यम उसळून बाहेर येतं. कुकर आपोआप थंड होऊ द्या.

बशा २८ ते ३० अंशांवर ठेवा आणि धीर धरा. दोन दिवसांत ओलसर, पसरट, पाणीदार वसाहती आल्या तर त्या बहुधा क्लेब्सिएलाच्या गटातल्या. बायजेरिंकिया सावकाश येतो: पाच-सहा दिवसांनी टाचणीच्या टोकाएवढा, दोन-तीन आठवड्यांत फुगीर घुमटासारखा. त्याची खरी खूण लूप (जिवाणू उचलायचा तारेचा फास) लावल्यावर कळते. वसाहत इतकी चिवट असते की थोडी उचलायला जावं तर रबरासारखी ताणली जाते आणि पुष्कळदा अख्खीच उचलून येते. सूक्ष्मदर्शकात दांडीसारख्या पेशीच्या दोन्ही टोकांना एकेक चकाकता मेदगोळा दिसतो. बायजेरिंकिया ३७ अंशांवर वाढत नाही, तेव्हा त्याच वसाहतीची एक बशी ३७ वर ठेवून पाहा. फुकटातली चांगली परीक्षा आहे. गुलाबी वसाहतीही हमखास दिसतील. पानांवरचे मिथिलोबॅक्टेरियम तसे असतात आणि ते बहुतेक नत्र बांधत नाहीत.

क्लेब्सिएलाच्या काही जाती माणसालाही आजारी पाडतात. हातमोजे घाला, तोंडानं पिपेट ओढू नका आणि वापरलेली प्रत्येक बशी निर्जंतुक करूनच टाका.

नीलहरित शैवालांसाठी

यांच्यासाठी सोडियम नायट्रेट वगळलेलं बीजी-११ हे शैवालांचं नेहमीचं माध्यम वापरा, पीएच ७.१ ते ७.५. त्यातल्या एका घटकाकडे बहुतेकांचं लक्ष जात नाही: मूळ कृतीत फेरिक अमोनियम सायट्रेट असतं, म्हणजे थोडा अमोनिया आपण स्वतःच घालतो. त्याऐवजी फेरिक सायट्रेट घ्या. थराचा तुकडा निर्जंतुक पाण्याच्या पाच-सहा थेंबांतून एकामागून एक धुऊन बशीवर ठेवा. २५ ते २८ अंश तापमान आणि मंद उजेड, सुमारे १५०० ते २००० लक्स. खिडकीतलं थेट ऊन नको. हे सावलीतले जीव आहेत, आठवडाभरात पांढरे पडतात. तीन-चार आठवड्यांनी तुकड्याच्या कडेनं तंतू बाहेर सरपटू लागले की टोकाचा तंतू अगारासकट कापून नव्या बशीवर न्या. असं चार-पाच वेळा करावं लागतं, कारण त्याच्या चिकट आवरणात इतर जिवाणू घर करून असतात.

फसवणूक कुठे होते

अगारात स्वतःचा थोडा नत्र असतो. नळाचं पाणी, नीट न खळबळलेली काचसामग्री, शेजारच्या टेबलावरची अमोनियाची बाटली, अमोनिया असलेलं फरशी पुसायचं द्रावण, सगळीकडून नत्र झिरपतो. थोडक्यावर भागवणारे जिवाणू तेवढ्यावर बारीक, पारदर्शक वसाहती करतात आणि आपण खूश होतो.

उपाय तीन आहेत. अगार ऊर्ध्वपातित पाण्यात भिजवून तीन-चारदा पाणी बदलून धुवा, किंवा शुद्ध केलेलं अगार वापरा. प्रत्येक वसाहत नत्ररहित माध्यमाच्या नव्या बशीवर निदान पाच वेळा ओढून वाढवा. उसन्या नत्रावर जगणारे दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत रोडावतात. आणि अर्धघट्ट माध्यमाची परीक्षा घ्या: वरचीच कृती, पण अगार लिटरला फक्त दोन ग्रॅम, १५ मिलिलिटरच्या बाटलीत पाच मिलिलिटर. त्यात जिवाणू सोडून बाटली न हलवता ठेवा. क्लेब्सिएलासारखे जे कमी प्राणवायूतच नत्र बांधतात, ते पृष्ठभागाच्या काही मिलिमीटर खाली, प्राणवायू सोसेल तेवढ्याच खोलीवर ढगासारखा पातळ पडदा धरतात. बाटली सहज हलवून बघितली तरी पडदा मोडतो, म्हणून ती डोळ्यांच्या रेषेत आणून नव्हे, तर आपण वाकून पाहायची.

ॲसिटिलीन चाचणी

नायट्रोजिनेज नत्राबरोबर ॲसिटिलीनचंही रूपांतर करतं आणि इथिलीन तयार होतं. १९६० च्या दशकाच्या मध्यात हे लक्षात आल्यावर ही चाचणी जगभर रुळली, कारण इथिलीन गॅस क्रोमॅटोग्राफवर फार सूक्ष्म प्रमाणात मोजता येतं.

१०० मिलिलिटरची काचेची बाटली घ्या, रबरी बूच लावा. आत अख्खं पान किंवा पर्णिका, क्षेत्रफळ मोजून, आणि दोन थेंब पाणी. सिरिंजनं १० मिलिलिटर हवा काढा आणि तेवढंच ॲसिटिलीन भरा. बाटली जंगलाच्या उजेडात, सावलीत चार तास ठेवा. मग एक मिलिलिटर वायू काढून यंत्रावर मोजा. बाटलीत बंद पान जास्त वेळ ठेवलं तर ते गुदमरतं, आणि अंधारात ठेवलं तर नीलहरित शैवालांची शक्ती संपते.

ॲसिटिलीन शुद्ध सिलिंडरमधलं मिळालं तर उत्तम. नाहीतर वेल्डिंगच्या दुकानातलं कार्बाइड पाण्यात टाकून तयार होतं. एक ग्रॅमपासून सुमारे ३०० मिलिलिटर मिळतं, म्हणजे पंचवीस-तीस बाटल्यांची सोय. वायू दोनदा पाण्यातून बुडबुडवून घ्या. तरी त्यात विषारी फॉस्फीन असतं आणि ते पाण्यानं पुरतं जात नाही. काम उघड्यावर करा, जवळपास ज्योत नको. हवेत अडीच टक्के ॲसिटिलीन झालं तरी पेट घेतं. तांब्याची नळी किंवा जोड कधीही वापरू नका, तांब्याशी त्याचं स्फोटक संयुग होतं.

आता सर्वांत महत्त्वाचं. झाडाचं पान स्वतःही इथिलीन सोडतं, कापलेलं पान तर जास्तच, आणि कार्बाइडच्या वायूत मुळातच थोडं इथिलीन असतं. म्हणून प्रत्येक वेळी चार प्रकारच्या बाटल्या लावायच्या: थराचं पान आणि ॲसिटिलीन, थराचं पान पण ॲसिटिलीन नाही, थर ओल्या कापसानं पुसून काढलेलं पान आणि ॲसिटिलीन, आणि नुसतं ॲसिटिलीन. प्रत्येकी निदान पाच. पानाच्या चकत्या कापू नका. कडांच्या जखमांतूनच इतकं इथिलीन येतं की खरा आकडा त्यात बुडतो.

हिशेबासाठी एक मानलेलं उदाहरण घेऊ. पहिल्या बाटलीत ६ पीपीएम (दहा लाखात सहा भाग) इथिलीन, ॲसिटिलीन नसलेल्या पानाचं २, नुसत्या वायूचं १. उरले ३. १०० मिलिलिटर बाटलीत २५ अंशांवर एक पीपीएम म्हणजे सुमारे ४.१ नॅनोमोल, म्हणजे एकूण १२.३. चार तासांनी आणि पानाच्या ४० चौरस सेंटिमीटर क्षेत्रफळानं भागलं की तासाला चौरस सेंटिमीटरमागे ०.०७७ नॅनोमोल इथिलीन. नत्रात बदलायला तीननं भागतात, पण हे गुणोत्तर पुस्तकी आहे. प्रत्यक्षात ते बरंच हलतं, आणि पक्कं ठरवायला जड नत्राचा प्रयोगच लागतो. म्हणून अहवालात इथिलीनचाच आकडा द्या. ‘हेक्टरी इतके किलो नत्र’ असं चार पानांवरून काढू नका. ओल, उजेड, पानाचं वय यांनी आकडा तासातासाला बदलतो.

जनुकाची तपासणी

निफ-एच हे नायट्रोजिनेजच्या एका भागाचं जनुक. पोल-एफ आणि पोल-आर या प्रायमरांनी (जनुकाचा ठरावीक तुकडा वाढवायला लागणारे डीएनएचे छोटे धागे) सुमारे ३६० बेस-जोड्यांचा तुकडा मिळतो. जेलवर योग्य जागी पट्टी दिसली की थांबू नका, क्रम वाचून घ्या. पानावरच्या लिव्हरवर्टच्या हरितलवकांत हरितद्रव्य बनवणारं एक जनुक असतं आणि ते निफ-एचचं जवळचं नातलग आहे. थर खरवडून काढलेल्या डीएनएत ते हमखास येतं. शिवाय जनुक असणं वेगळं आणि ते त्या क्षणी चालू असणं वेगळं. त्यामुळे ही तपासणी ॲसिटिलीन चाचणीच्या जोडीला करायची, तिच्या जागी नाही.

पानातल्या गाठींची गल्लत

कोकणात पापट म्हणतात त्या पाव्हेटा इंडिकाचं पान उजेडाकडे धरलं तर आत गडद ठिपके दिसतात. त्या गाठींत जिवाणू आहेत हे १९०२ मध्ये त्सिमरमान यांनी दाखवलं, आणि पुढची कित्येक दशकं ‘डाळींच्या मुळांसारख्याच पानातल्या गाठी’ म्हणून त्या पुस्तकांत नत्राच्या प्रकरणात येत राहिल्या. नंतरच्या काळजीपूर्वक चाचण्यांत त्या नत्र बांधताना आढळल्या नाहीत. याच गटातल्या सायकोट्रियाच्या गाठींतल्या जिवाणूंचे जनुकसंच वाचले तेव्हा नत्र बांधण्याची जनुकं नव्हतीच. हे जिवाणू किडींपासून बचाव करणारी रसायनं बनवतात, असं आता दिसतं. तेव्हा गाठींची पानं नत्राच्या नमुन्यांत मिसळू नका. मिसळलीच तर थर पुसून काढलेलं पान आणि ॲसिटिलीन यांची बाटली नक्की लावा, म्हणजे वरचा थर आणि आतली गाठ यांचा हिशेब वेगळा राहील.

जपणूक

चाचणीत खरा ठरलेला जिवाणू तिरप्या अगारावर वाढवा आणि दर दोन महिन्यांनी नव्या नळीत घ्या. कायमचा ठेवायचा तर २० टक्के ग्लिसरॉलमध्ये उणे ८० अंशांवर. चिवट चिकट आवरणामुळे बायजेरिंकिया ग्लिसरॉलमध्ये नीट मिसळत नाही. निर्जंतुक काचमणी घालून दोन मिनिटं जोरात हलवा, मग गोठवा. ज्या झाडाचं पान होतं त्याची फुलाफळांसकट फांदी दाबून वाळवा आणि नळीवरचाच क्रमांक त्या कागदावर घाला.